मातीच्या बाईचं पाणी

तोंडात पाणी भरायचं, गाल फुगवायचे आणि ओठ आवळून जोरात फवारायचं. गिळायचं नाही. इस्त्रीवाले कपड्यावर मारतात तसं. एका हिवाळ्यात हे काम मी दीड महिना केलं. माझ्यापुढं कपडा नव्हता, मातीची बाई होती. माणसाएवढी. आणि ती माझ्यावरूनच केलेली होती.

मी चौथी शिकले. पत्र लिहिता येतं, पोथी वाचता येते. मागच्या महिन्यात बीडहून एक मुलगी आली, जुन्या शिल्पकारांचा अभ्यास करते म्हणाली. दोन तास विचारत बसली. जाताना म्हणाली, आजी, हे तुमच्या हातानं लिहून ठेवा. माझे गुडघे गेलेत, दुसरं काम होत नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. कोयता म्हणजे जोडी. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. लग्न झाल्यावर मी लगेच गेले. दुसऱ्या साली पहिला मुलगा उसाच्या फडावरच झाला, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या खोपटात. थंडी होती, खाली ओल होती. सहाव्या दिवशी गेला. आठव्या दिवशी मी मोळ्या बांधत होते. कुणी मारून मुटकून नेलं नाही, काम होतं म्हणून गेले. पण पुढच्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मी मनाशी ठरवलं की हे मूल घरी होईल. आयुष्यात मी हट्ट म्हणून केलेली ही एकच गोष्ट. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आईला विचार. सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग कोयता एकट्यानं उचलायचा का त्यानं?"

तेवढ्यात धाकले मालक आले.

धाकले मालक म्हणजे गावातल्या मोठ्या जमीनदाराचे धाकटे भाऊ. तरुणपणी मुंबईला चित्रकलेच्या शाळेत गेले ते तिकडंच राहिले. साठीला आल्यावर परत आले, लग्न न करता. मळ्यातला बैलांचा रिकामा गोठा त्यांनी घेतला आणि तिथं मातीचं काम मांडलं. गावाला वाटलं गणपती करतील. त्यांनी एकही गणपती केला नाही.

मी त्यांच्या मळ्यात निंदायला जायची. एकदा मी बसल्या जागेवरून उठत होते. पोटुशी बाई उठते तशी, एक हात गुडघ्यावर, एक हात मागं कमरेवर. मालक बांधावरून ओरडले, "थांब! तशीच थांब!" मला वाटलं साप आहे. मी पटकन उठून पळाले. दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि सासूपुढं बसले. मला तुमच्या सुनेची मूर्ती करायची आहे म्हणाले. ऊन उतरलं की रोज दोन तास. पुढं ती मूर्ती ओली ठेवायचं कामही तीच करील. गहू, ज्वारी मळ्यातून मिळेल.

सासूला आम्ही आत्या म्हणायचो. तिनं आधी विचारलं, "कापडं?"

"लुगड्यातच, मावशी."

"मी म्होरं बसणार."

"बसा ना."

"आन मदीच न्यायची न्हाई हं आमी हिला. शब्द दिला की दिला."

माझ्या मनातलं तिला ठाऊक होतं का नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही. नवरा त्याच्या विधवा बहिणीला जोडीला घेऊन गेला आणि मी गावात राहिले.

आधी मालकांनी लोखंडी सळयांचा सांगाडा उभा केला. त्यावर तार गुंडाळली, तारेला लाकडाचे तुकडे लोंबते बांधले, माती खाली घसरू नये म्हणून. माती नदीच्या दरडीची, दोनदा चाळलेली, पायानं तुडवलेली. ती ते चिमटीनं लावत. वर हात फिरवत नसत. आंगठा जिथं पडला तिथं तसाच ठेवत. मी अर्धी उठलेली उभी राहायची. खाली टेकायला एक दगड दिला होता, पण उठायचं थांबवून धरणं उठण्यापेक्षा वाईट. मांड्या भरून येत. मालक विसरून जात, मग आत्या खाकरायची.

आत्या दारात वाती वळत बसायची आणि बोलायची.

"नाक कुठंय वो मालक?"

"नाक करायचं नाही."

"कावून? माझी सून नकटी हाय व्हय?"

"तोंड केलं की लोक तोंडच बघतात, मावशी. मला तिचं उठणं पाहिजे."

"उठणं बघायचं तर सकाळी आमच्या घरी या. येळंवर उठतच न्हाई ही."

मालक हसायचे. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी परदेशी मासिकातली चित्रं चिकटवली होती. कुणाला डोकं नाही, कुणाला हात नाहीत, एक बाई तर नुसती कंबर आणि मांड्या. आत्या म्हणाली, रझाकाराच्या वक्ताची दिसतेत. मालक म्हणाले, नाही, हे पॅरिसचं. मग त्यांनी काम करता करता सांगितलं, ते थोडं थोडं रोज सांगत.

त्यांच्या शाळेत साहेबांचे पुतळे करायला शिकवत. कोटाचं बटण बटणासारखं, मिशी मिशीसारखी, आणि सगळं घासून गुळगुळीत. ज्याचं बटण चांगलं त्याला बक्षीस. मालकांना पण मिळालं होतं. मग सात-आठ जणांनी मिळून गिरगावात एका वखारीवरची खोली घेतली. त्यांच्यातल्या एकाचा मामा बोटीवर होता, त्यानं ही चित्रं आणली. महिनाभर त्या खोलीत भांडणं झाली. एकजण म्हणाला हे अर्धवट आहे, एकजण म्हणाला आपणच अर्धवट आहोत. दोघांची बोलाचाली वर्षभर बंद होती. मग एका दिवशी सगळ्यांनी आपापले गुळगुळीत पुतळे फोडले आणि तिथंच भजी खाल्ली. पुढं प्रदर्शन लावलं तर लोक बघायला आले ते हसायला आले. कुणी विकत घेतलं नाही. त्यांच्यातले निम्मे पुन्हा साहेबांच्या आणि शेटांच्या पुतळ्यांकडं गेले. मालक गेले नाहीत. भावाच्या जिवावर जगले, हे त्यांनीच सांगितलं.

मी विचारलं, "तुमच्या म्होरं उभी कोण ऱ्हायची?"

"एक बाई होती. भाजी विकायची. सगळ्यांनी तिलाच केलं. दहा वर्षं."

"नाव काय तिचं?"

मालकांचा हात थांबला. "आम्ही बाई म्हणायचो."

"मला बी तुमी बाईच म्हणता."

तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाई म्हणाले.

संक्रांत झाली आणि मालकांच्या डोळ्याचं दुखणं वाढलं. मुंबईला जाऊन कापून घ्यावं लागणार होतं. मूर्ती झाली होती, आता फक्त साचा काढायचा राहिला होता. येताना साचा काढणारा कारागीर घेऊनच येतो, पंधरा दिवसांत येतो, म्हणाले. तोवर माती सुकली तर आतल्या लोखंडाला धरत नाही, भेगा पडून ढासळते. ओली फडकी गुंडाळून ठेवायची, सकाळ-संध्याकाळ सोडून फवारायची. घागर ओतायची नाही, अंगठ्याचे ठसे वाहून जातील. तोंडानं फवारायचं. गिरगावच्या खोलीवर ते असंच करत. त्यांनी एकदा करून दाखवलं आणि गेले.

पंधरा दिवसांचा महिना झाला.

त्या महिन्यात फडावरून निरोप आला. नणंद तापानं पडली, नवरा एकटाच आहे, सुनेला धाडा. तोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक आठवड्याला गावात येत होता. मला सातवा सरून आठवा लागला होता. मी आत्याच्या तोंडाकडं बघितलं. ती म्हणाली, "मालकाला शब्द दिलाय मी. ती बया वली हाय तवर तू हितं. वाळली की ट्रकात बसायचं."

"आठवा हाय, आत्या."

"मला कळतंय. त्यो बी माझं लेकरू हाय."

त्या दिवसापासून ती रोज दुपारी मळ्यात यायची आणि मातीच्या बाईच्या पाठीत बोट खुपसून बघायची. भाकरीच्या पिठात खुपसतात तसं. पुढून खुपसत नव्हती, पुढं पोट होतं. पोटात बोट घालायला तिचाही हात धजत नसावा. बोट आत गेलं की ती निघून जायची. मी तिच्या बोटाकडं बघायची. ओलं निघालं की माझे आणखी काही दिवस.

माघात विहिरीनं तळ गाठला. मोठ्या मालकांच्या मोसंबीला पाणी पुरेना. त्यांची बायको, मोठ्या बाई, स्वतः मळ्यात आल्या आणि म्हणाल्या, "झाडं वाळाया लागली, आन तू मातीला पाणी पाजती व्हय ग?" दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर मला घागर भरू देईनात. मग मी गावातल्या आडावरून आमच्या घरच्या वाटणीची एक घागर आणायची. त्यातलं निम्मं घरात, निम्मं गोठ्यात. फडकी भिजवायला पुरत नव्हतं, म्हणून फक्त चुळा. पुढून तीस, मागून तीस. फडक्यांच्या वर पाचट टाकायची, वारं लागू नये म्हणून. गोठ्याची खिडकी मी शेण-मातीनं बुजवून टाकली.

तहानेचं सांगते. पाणी तोंडात असतं, गार असतं, घसा कोरडा असतो, पोटातलं मूल लाथा मारतं, आणि ते पाणी बाहेर फेकायचं असतं. पहिले दोन-चार दिवस डोळ्यांतून पाणी यायचं, पुढं सवय झाली. एखाद्या दिवशी मूल हलेनासं झालं की मी एक चूळ गिळायची आणि बाईला एक कमी मारायची. कुणाला द्यायचं ते रोज ठरवावं लागायचं. ती वाळली तर मला ट्रकात जायचं होतं, आणि मी वाळले तर जायचं कशाला.

असं करूनही पाठ भेगाळली. पोट ओलं राहिलं, पाठ वाऱ्याच्या बाजूला होती. आणि आत्याच्या बोटांची भोकं. भोकातून भेगा फुटल्या होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. एका सकाळी फडकं सोडलं तर खांद्याखाली हातभर पापुद्रा सुटून लोंबत होता. त्या दिवशी ट्रक यायचा होता.

मी काय करणार? घराच्या भिंतीला भेग पडली की जे करतात ते केलं. गोठ्याच्या कोपऱ्यात चाळलेली माती होती, ती भिजवली, भेगांत भरली, भोकं बुजवली, आणि पोतेरं घेऊन वरून सारवलं. एका ठिकाणी सारवलं की बाजूचं खडबडीत दिसतं. म्हणून सगळी पाठ सारवली. मानेपासून बुडापर्यंत, हाताचे फेरे देत, आमच्या आईनं शिकवलं तसं. मालकांच्या आंगठ्याचे ठसे बुजले हे मला तेव्हा दिसलंच नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काम राहिलं होतं, डोळे दुखत होते म्हणून अर्धंच सोडून गेला, मी पुरं केलं. खरं सांगायचं तर मला आवडलं ते. चांगलं झालं होतं.

दुपारी आत्यानं बोट घातलं. आत गेलं. ट्रक तसाच गेला. ते भोकही मी बुजवलं.

नंतरच्या आठवड्यात मालक आले. एका डोळ्याला पट्टी होती. बरोबर कारागीर आणि दोन म्हातारे मित्र, दोघेही त्या वखारीवरच्या खोलीतले. एक दम्याचा, एक ठेंगणा. मी फडकी सोडली. मालक पुढून बघत होते तोवर ठीक होतं. मग मागं गेले.

"हे कोणी केलं?"

"मी."

"कशानं?"

"पोतेऱ्यानं. भोकं पडली होती."

"कसली भोकं?"

आत्या दारात होती. ती वर आढ्याकडं बघत म्हणाली, "उंदरं लई झालेत गोठ्यात."

दम्याचा म्हातारा हसायला लागला, हसता हसता खोकला आला, मी त्याला पाणी दिलं. घरचं होतं. तो म्हणाला, "चाळीस वर्षं आपण बोंबललो, गुळगुळीत नको, गुळगुळीत नको. आणि हिनं तुझ्याच गोठ्यात..." पुन्हा खोकला.

"हसू नकोस. चार महिन्यांचं काम आहे माझं."

ठेंगणा पाठीच्या अगदी जवळ गेला, चष्मा कपाळावर सारून. "गुळगुळीत कुठंय हे? साहेबाचा कोट आहे का? नीट बघ. हाताचे फेरे आहेत. भिंत सारवल्यासारखे."

"भिंतच सारवलीय तिनं!"

"मग राहू दे. पुढून तुझं, मागून तिचं."

"उद्या तुझ्या पुतळ्याला म्हशी बांध तू. राहू दे म्हणे."

"तू असाच होतास. तेव्हा पण माझं नाक तूच फोडलंस, विचारलं पण नाहीस."

"तुझ्या पुतळ्याचं नाक. वाईट होतं."

असं ते भांडत राहिले. पोरं भांडतात तसं. शेवटी मालकांनी दात्याचं हत्यार घेतलं आणि डाव्या खांद्यापासून माझं सारवण खरवडायला सुरुवात केली. वीतभर खरवडलं. तेवढ्यात कारागीर म्हणाला, "साहेब, प्लास्टर कालवलंय. ते थांबत नसतं." मालकांनी हत्यार टाकून दिलं आणि बाहेर जाऊन बसले. माझ्याशी त्यानंतर बोलले नाहीत. चूक माझी होती. मी नाही म्हणत नाही.

प्लास्टर लावलं की तापतं, हे मला माहीत नव्हतं. हात ठेवला तर ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखं. दुसऱ्या दिवशी कारागिरानं साच्याचे दोन भाग सुटे केले. मग तो लोखंडी पळी घेऊन आतली माती उकरायला लागला. पोट, मांड्या, पाठ, सगळं ढेकळांनी घमेल्यात पडायला लागलं. मी म्हणाले, "आवं, काय करता?" तो म्हणाला, असंच असतं, बाईच्या आकाराची पोकळी पाहिजे, बाई नको. दीड महिना मी तिला पाणी पाजलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत गोठ्याबाहेर मातीचा ढीग झाला.

मी त्या ढिगाकडं बघत उभी होते. आत्यानं पदर खोचला, वाकून चिमूटभर माती बोटांत चोळून बघितली आणि विचारलं, "ही कुणाला लागती का?" कारागीर म्हणाला, न्या. "दोनदा चाळलेली हाय," ती मला म्हणाली, "उचल. न्हाई, तू नगं. तू नुस्ती चल."

चार खेपा तिनं केल्या. त्या मातीची तिनं नवी चूल घातली. उरलेल्या मातीनं घरातला आतला कोपरा लिंपला, जमीन आणि भिंत कंबरेइतकी. मी विचारलं, कशाला एवढं. तर म्हणाली, "बाळंतीण काय उकिरड्यावर बसवू? तिकडं कोपीत वल लागली म्हणून गेलं ते." पहिल्या मुलाबद्दल ती बोलली ते एवढंच, आणि एकदाच. दुसऱ्या सकाळी ती नारायणगडाच्या, आमच्या देवस्थानाच्या, दिशेला हात जोडून उभी होती. तिसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हा ती स्वतः ट्रकात बसली. पन्नाशीच्या पुढची बाई, लेकाच्या जोडीला मोळ्या बांधायला गेली.

नवव्या दिवशी मला मुलगी झाली. त्या कोपऱ्यात, कोरड्या जमिनीवर. शेजारणीनं नाळ कापली. मालकांनी तूप पाठवलं, आले नाहीत. काही वर्षांनी ते वारले. प्लास्टरवरून मित्रांनी पुढं पितळी मूर्ती ओतून घेतली म्हणतात.

तिचा फोटो त्या बीडच्या मुलीनं मला दाखवला. काळी दिसते. पाठीबद्दल लोकांनी बरंच लिहिलंय म्हणाली. पुढं एवढं खडबडीत आणि मागं असं का, यावर. मी चष्मा लावला. माझे फेरे तसेच आहेत. डाव्या खांद्यापाशी वीतभर खरवडलेलं तेही आहे. मी बोट ठेवून सांगितलं, हे त्यांचं, बाकीचं माझं. तिनं दोनदा विचारलं, नक्की ना आजी? मी म्हणाले, भित हाय का तुमच्या घरी मातीची? असती तर इचारलं नसतं.

मग तिनं विचारलं, मूळ माती कुठं गेली. मी कोपरा दाखवला. आता तिथं फरशी आहे.

लेक दारात बसून ऐकत होती. चौसाळ्याकडं दिलीय तिला. चौदाव्या वर्षापासून ऊसतोडीला जाते. आता पन्नाशी उलटली तरी जाते. या वेळी कंबर धरली म्हणून मधूनच परत आली आणि माझ्याकडं येऊन पडलीय. ती म्हणाली, "घरी जलम दिला, घरी जलम दिला, लई ऐकवती मला. शेवटी फडावरच गेले की मी."

"गेलीस," मी म्हणाले. "जिती गेलीस."

बीडच्या मुलीनं ते लिहून घेतलं की नाही, मी बघितलं नाही. लेक कमरेवर हात ठेवून, गुडघा धरून उठली आणि चहा ठेवायला आत गेली.